नागपुरी ताटातलं धान्य कमी करताना: टाइप टू मधुमेहात वजन उतरवण्याचा क्रम

"गोड बंद, भात बंद, दहा किलो वजन उतरवा." शुगरचा रिपोर्ट घेऊन बाहेर पडणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच सांगितलेलं असतं. घरी आल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. भात बंद, मग भाकरी किती? पोहे तर गोड नाहीत, मग तर्री-पोहा, म्हणजे चण्याच्या झणझणीत रश्श्यासोबतचे पोहे, चालतो का? संत्र्याचं काय? तेवढ्यात शेजारचे काका सांगून जातात, "ज्वारी खा, ज्वारीनं शुगर वाढतच नाही."

ज्वारीनं शुगर वाढते. पोळीपेक्षा थोडी सावकाश वाढत असेल, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत २० ग्रॅम. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४०. पोटात गेल्यावर यांची साखरच होते. मधुमेहात शरीर ती साखर नीट वापरू शकत नाही, म्हणून ती रक्तात साचते.

कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहणं. ज्याला किटो म्हणतात तो २० ते ५० ग्रॅमवर चालतो. माझं मत स्पष्ट आहे: नागपुरात घरच्या स्वयंपाकावर, चार माणसांच्या कुटुंबात, लग्नकार्यं सांभाळत राहणाऱ्या माणसानं किटोच्या मागे लागू नये. १०० ते १३० ग्रॅमचा आहार वर्षभर निभतो. आणि इथे महत्त्व वर्षभर निभण्याला आहे.

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांचं त्यात वजन उतरवलं होतं. वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची शुगर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. पण दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले. तो आहारही मुद्दाम कर्बोदकं कापण्यावर बेतलेला नव्हता, दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या तयार पेयांचा होता. म्हणजे काम केलं ते वजन उतरण्यानं. कर्बोदकं कमी करणं हा तिथे पोचायचा एक रस्ता आहे, आणि आपल्या ताटात धान्याचाच डोंगर असल्यामुळे आपल्यासाठी सोयीचा आहे.

आधी गोळ्यांची पट्टी बघा

ताटाला हात लावण्याआधी हे करायचं. घेत असलेल्या सगळ्या औषधांची नावं कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे जा. "मी पोळी-भात निम्म्यावर आणणार आहे, डोस बदलायचा का?" असं सरळ विचारा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही चालू असेल किंवा इन्सुलिन असेल, तर हा प्रश्न टाळूच नका. तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्या की अर्धी, याची ही औषधं पर्वा करत नाहीत. शुगर खाली ओढतातच. अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड मिसळलेलं असतं, म्हणून पट्टीवरची बारीक अक्षरं वाचा. नुसत्या मेटफॉर्मिननं शुगर धोकादायकरीत्या उतरणं विरळा.

घाम, थरथर, धडधड, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ ही शुगर उतरल्याची लक्षणं. शुगर मोजायच्या मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे, पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. आणि हे आधी घरच्यांना सांगून ठेवा, तेव्हा सांगायला तुम्ही शुद्धीवर नसाल.

दुसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांचा. ही औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत कर्बोदकं फारच कमी केली, उपाशी राहिलात किंवा अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तात आम्ल साठू शकतं. त्यातली फसवी गोष्ट अशी की तेव्हा मशीनवरची शुगर फार वाढलेली नसतेही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं तर "शुगर तर ठीक आहे" म्हणून घरी बसू नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ही गोष्ट दुप्पट लक्षात ठेवायची.

रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही सांगा. पहिल्या दोन आठवड्यांत शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं, बीपी उतरतं आणि उठल्यावर चक्कर येऊ शकते.

टाइप वन मधुमेह, गर्भारपण, अंगावर पाजणाऱ्या आया, किडनीचा आजार, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली माणसं: यांनी हा लेख वाचून स्वतःहून काही सुरू करू नये. आणि काही न करता वजन उतरत असेल तर ते कौतुकाचं नाही, तपासण्याचं कारण आहे.

सुरुवातीचे आकडे

एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी शुगरचा अंदाज), उपाशीपोटीची शुगर, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, कोलेस्टेरॉलसाठी लिपिड प्रोफाइल. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ सुद्धा. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. फार वाढलेली शुगर झपाट्यानं उतरली तर आधीपासूनचा पडद्याचा त्रास काही काळ बळावू शकतो. एवढ्यांचे पैसे एकदम जड वाटत असतील तर मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा.

वजनासोबत कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा मानतात. काट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलतो, कारण पहिल्या आठवड्यात उतरलेले दोन किलो बहुतेक पाण्याचेच असतात.

तीन दिवस फक्त लिहा

काही बदलू नका, नुसतं लिहा. साखरेचे दोन चहा, सकाळी पोह्यांची प्लेट, दुपारी तीन पोळ्या, भात, वरण, आलूची भाजी, संध्याकाळी टोस्ट नाहीतर चिवडा, रात्री पुन्हा दुपारचंच. बेरीज सहज ३०० ग्रॅमच्या वर जाते. यात मिठाईचा तुकडाही नाही. "मी तर गोड खातच नाही" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

कापायचं कुठून

एकदम सगळं बदलणारा माणूस बाराव्या दिवशी आलूबोंड्याच्या गाडीवर दिसतो. म्हणून एका आठवड्याला एकच बदल, आणि तोही या क्रमानं.

पहिला आठवडा पेयांचा. चहातली साखर, उसाचा रस, लस्सी, थंड पेय आणि संत्र्याचा ज्यूस बंद. ज्यूस ऐकून नागपूरकर नाराज होतात, पण एका ग्लासाला तीन-चार संत्री लागतात आणि चोथा जातो कचऱ्यात. एक अख्खं संत्रं खा, त्यात १२ ते १५ ग्रॅम कर्बोदकं आहेत, हिशेबात बसतं. संत्रा बर्फी मात्र फळ नव्हे. गूळही साखरच आहे, मधही. चहा फिका प्यायला आठ-दहा दिवस जड जातं, नंतर साखरेचा चहा पाकासारखा लागतो. उन्हाळ्यात ताक, मीठ-लिंबाचं पाणी, कैरीचं बिनगुळाचं पन्हं.

दुसरा आठवडा न्याहारीचा, आणि सगळ्यात मोठी लढाई इथेच आहे. सकाळी अनेकांची शुगर आधीच चढलेली असते, त्यावर पोहे म्हणजे भरलेल्या गाडीत आणखी पोतं टाकणं. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं. तर्रीतला चणा खरं तर प्लेटमधली शहाणी वस्तू आहे. म्हणून गाडीवर जायचंच असेल तर उलटं मागा: चणा जास्त, पोहे मूठभर, कांदा-सांबार (कोथिंबीर) भरपूर, वरचा शेव-चिवडा नको. रोजच्यासाठी मात्र घरी दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि एक पोळी. अंडी चालत नसतील तर मुगाच्या डाळीचं किंवा बेसनाचं धिरडं, त्यात किसलेलं दोडकं, पालक, कांदा. बेसनही हिशेबात धरायचं, ५० ग्रॅममध्ये २९ ग्रॅम कर्बोदकं आहेत, पण सोबत ११ ग्रॅम प्रथिनंही मिळतात. पोह्यात ती नावापुरती असतात.

तिसरा आठवडा दुपारच्या जेवणाचा. इथे नियम साधा: पोळी, भाकरी, भात यातलं एकच, आणि तेही शेवटी. आधी काकडी, मुळा, कांदा, टमाटर. मग वाटीभर नव्हे, अर्धं ताट भाजी. मग घट्ट वरण किंवा उसळ, दही. या सगळ्यानंतर एक भाकरी किंवा दीड पोळी. भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन धान्य शेवटी खाल्लं की जेवणानंतरची शुगर कमी चढते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. शिवाय शेवटी आलेली भाकरी आपोआप अर्धी राहते. डब्यावाल्यांसाठी: पोळीचा कप्पा लहान करा, भाजीचा मोठा, आणि बाईंना आलूऐवजी गोबी द्यायला सांगा.

भाजीच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. कॉटन मार्केट किंवा गोकुळपेठेत सकाळी चक्कर मारली की ढेमसं, दोडकं, कारलं, भेंडी, वांगी, पालक, मेथी, चवळई, अंबाडी सगळं मिळतं. भरली वांगी, वांग्याचं भरीत यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. थंडीत तुरीचे सोले आणि पोपटीचे दाणे येतात. त्यांची उसळ खा, पण सोलेभातात भात चमचाभर आणि सोले वाटीभर असं प्रमाण उलटवून. कोहळं (लाल भोपळा) माफक. आलू, रताळं आणि मक्याचं कणीस हे भाजीच्या टोपलीत बसलेलं धान्यच समजा.

रात्रीचं जेवण चौथ्या आठवड्यात बदला. शक्यतो आठच्या आत जेवा, आणि धान्य अर्ध्या भाकरीवर आणा. हे सगळ्यांना कठीण जातं, कारण घर रात्रीच एकत्र जेवतं. स्वयंपाक वेगळा करायला लावू नका, चार दिवस होईल आणि मग घरात धुसफूस. तेच वरण, तीच भाजी, फक्त तुमच्या ताटात उलट्या प्रमाणात.

असा दिवस साधारण ११० ते १२० ग्रॅमवर येतो. झेपत नसेल तर दीडशे-पावणेदोनशेवर थांबा. आपल्याकडे दिवसभराच्या ऊर्जेतला साठ टक्क्यांहून जास्त वाटा कर्बोदकांचा असतो. भारतीय आहारांच्या आकडेवारीवर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीतून २०२२ मध्ये आलेल्या विश्लेषणानं, तो वाटा पन्नासच्या आसपास आणून प्रथिनं वीस टक्क्यांपर्यंत वाढवली तरी फायदा होईल असाच अंदाज दिला होता.

रिकामी झालेली जागा कशानं भरायची

धान्य काढलं आणि जागी काही ठेवलं नाही, तर साडेचारला भूक लागते आणि हात चिवड्याच्या डब्यात जातो. जागा भरायची प्रथिनांनी. किडनी ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला सत्तर.

वाटीभर वरणात (३० ग्रॅम डाळ) सहा-सात ग्रॅमच असतात, आणि पातळ वरणात त्याहून कमी. वरणावर प्रथिनांची भिस्त ठेवणाऱ्या शाकाहारी घरांत हाच घोटाळा होतो. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, एका अंड्यात ६, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २७ च्या आसपास. सगळ्यात स्वस्त म्हणजे सोयाबीनच्या वड्या: ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत १५ ग्रॅम. गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, दोनदा पाणी बदला, वास जातो. मग वांग्यासारखा मसाला लावून करा. शेतात सोयाबीन पिकवणारा विदर्भ ते ताटात फार घेत नाही, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

मधल्या भुकेला मूठभर भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे). मूठभर, वाटीभर नव्हे. जवसाची चटणी रोज खा.

सावजीचं काय?

शुगरच्या बाजूनं सावजी मटणाचा काही गुन्हा नाही, त्यात कर्बोदकं थोडी. गुन्हा सोबतच्या चार रोट्यांचा आणि भाताचा. पण आपल्याला वजनही उतरवायचं आहे, आणि वर तरंगणाऱ्या तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. अशी तर्री सहा चमचे गेली की पोळ्या कमी केल्याचा फायदा तिथेच संपला. "कर्बोदकं नाहीत ना, मग तूप-लोणी हवं तेवढं" हा सल्ला अनेकांचं वजन जागेवर ठेवतो आणि काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. वरचं तेल वाटीत काढून ठेवा, तुकडे खा, रस्सा थोडा, एक भाकरी. महिन्यातून एक-दोनदा, बिनधास्त. पाटोडी-रस्सा मला आवडतो, पण ते बेसन अधिक तेल आहे. पाटोडी खाल्ली त्या दिवशी भाकरी अर्धी.

मशीनला विचारा

ग्लुकोमीटर घ्या. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा तपासा. दुसरा आकडा १८० च्या आत हवा. माझा ठोकताळा असा की वाढ ४०-५० च्या आत राहिली तर ते जेवण तुम्हाला मानवतं. पाच-दहा आकड्यांचा फरक मशीनचा असू शकतो, त्यावरून भांडू नका.

मशीनच्या पट्ट्या महाग पडतात, म्हणून रोज सगळ्या वेळा तपासायची गरज नाही. एका आठवड्यात न्याहारी तपासा, पुढच्यात दुपारचं जेवण. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकं, आणि सुरुवातीला जास्तच. "भाताचं पाणी काढलं की शुगर वाढत नाही", "ब्राउन राइस चालतो", "शुगर फ्री लाडू चालतात" असले सगळे वाद दोन पट्ट्यांत मिटतात. कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घेणाऱ्यांनीही मोजून बघावं. गोळी सोडून ते घेणं मात्र धोक्याचं.

पाय आणि स्नायू

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, घरातल्या घरात किंवा गच्चीवर. सकाळी अंबाझरीला तासभर चालून दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतरचं हे छोटं चालणं शुगरला जास्त भावतं. दोन्ही जमलं तर उत्तमच. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडा, सातला घरी. साध्या चपलेत नको. पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा.

वजन उतरताना स्नायूही झिजतात. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला रेटून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं एवढं तरी करा.

उपास, महालक्ष्म्या, लग्न

साबुदाण्याची खिचडी उपासाची असली तरी शुगरसाठी मेजवानी आहे. ६० ग्रॅम साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं जवळपास शून्य. भगर थोडी बरी, पण तीही धान्यच. उपास करायचाच असेल तर दही, ताक, फल्लीदाणे, पनीर, एखादा पेरू, आणि भगर अर्धी वाटी. शुगर उतरवणारी गोळी चालू असताना निर्जळी किंवा दिवसभराचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला पुरणपोळी नाकारू नका, नाकारली की आग्रह वाढतो. अर्धी घ्या, त्या जेवणात भात आणि दुसरी पोळी नाही, सोळा भाज्यांवर भर द्या, मग पंधरा मिनिटं चाला. लग्नात आधी सॅलड आणि पनीर किंवा चिकनच्या टेबलाकडे वळा, चाटचा स्टॉल शेवटी. एखादा दिवस बिघडला तर पुढच्या जेवणापासून परत नेहमीचं ताट. दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका.

वजन अडलं तर

आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. दीड-दोन महिन्यांनी काटा थांबतोच. तेव्हा परत तीन दिवस लिहा. बहुधा तेल, दाणे, पनीर यांची मापं हळूहळू वाढलेली सापडतात, नाहीतर मुलांच्या ताटात उरलेलं. ते नसेल तर झोप बघा. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर डॉक्टरांना सांगा. वजन थांबलं तरी कंबर उतरत असेल तर काही बदलू नका.

बद्धकोष्ठ झालं तर पाणी आणि पालेभाजी वाढवा, जवस चमचाभर जास्त. पायात गोळे येत असतील तर ताकात मीठ घाला, बीपीचा त्रास असेल तर विचारून.

तीन महिन्यांनी एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि क्रिएटिनिन परत करा. एलडीएल वाढलं असेल तर तूप, लोणी आणि मटण कमी करून दाणे, जवस, मासळी, डाळींकडे वळा. एचबीए१सी उतरलं असेल तर वहीसकट डॉक्टरांकडे जा आणि कोणती गोळी आधी कमी करायची ते त्यांना ठरवू द्या. औषध बंद झाल्यावरही तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला मधुमेह माघारी गेला असं म्हणतात. वजन परतलं की तोही परततो, म्हणून त्यानंतरही निदान वर्षातून एकदा ही तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी चालू ठेवायची.